पावसाचा खंड आणि टॉनिकची बाटली

ऑगस्टमध्ये पाऊस ओढ देतो, सोयाबीन नेमकं फुलात असतं, दुपारी पानं मलूल होऊ लागतात आणि कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर गर्दी वाढते. तिथे मिळणारं उत्तर आता ठरून गेलं आहे: समुद्री शेवाळाचा अर्क, ह्युमिक, अमिनो, पंपाला इतके मिली. या उत्तराला आता एक युक्तिवादही जोडला गेला आहे. तो फक्त विक्रेते मांडत नाहीत; कृषी पदवीधर, पीक सल्लागार, मेळाव्यांतले वक्तेही मांडतात. हवामान बदललं, पावसाचे खंड लांबले, उन्हाळे कडक झाले. माती सुधारायला दहा वर्षं लागतात आणि शेतकऱ्याच्या हातात दहा दिवस असतात. गुरं गेली, शेणखत महागलं, जमीन तर अनेकदा बटईची. तेव्हा पिकालाच ताण सोसायला लावणारी जैव-उत्तेजकं हा आजचा व्यवहार्य मार्ग, आणि सेंद्रिय कर्बाची चर्चा ज्यांना सवड आहे त्यांनी करावी.

या युक्तिवादातल्या अडचणी सगळ्या खऱ्या आहेत. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि त्याची किंमत कोरडवाहू शेतकरी दर हंगामात मोजतो आहे.

आधी पाण्याचा हिशोब करू. एक एकरावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे ४ हजार लिटर. ऐन फुलातलं सोयाबीन ऑगस्टच्या उघडिपीत दिवसाला ४ ते ५ मिलिमीटर पाणी वापरतं. म्हणजे एकरी १६ ते २० हजार लिटर, रोज. फवारणीला एकरी लागतं दीडशे-दोनशे लिटर. बाटलीतून पाणी दिल्याचा दावा कोणतीच कंपनी करत नाही, हे मला ठाऊक आहे. पण तीन आठवड्यांच्या खंडाचा अर्थ त्या आकड्यांत दिसतो: पिकाला ८० ते १०० मिलिमीटर पाणी लागणार, आणि ते येणार फक्त मुळांच्या कक्षेतल्या मातीतून. बीड किंवा अहिल्यानगरच्या माळावरची वीतभर खोलीची मुरमाड जमीन पूर्ण भिजलेली असली तरी पिकाला देण्याजोगं पाणी जेमतेम ३०-४० मिलिमीटर धरते. मीटरभर खोल भारी काळी जमीन दीडशे ते दोनशे धरते. पहिल्या जमिनीतलं पीक आठवड्याभरात मान टाकतं, दुसरीतलं महिनाभर तगू शकतं. या दोन शेतकऱ्यांच्या हातात पडणारी बाटली मात्र एकच असते, मात्राही एकच. तुमची जमीन किती खोल आहे, खाली तवा, म्हणजे घट्ट थर, बसला आहे का, मुळं कुठवर गेली आहेत, हे काउंटरवर कोणी विचारत नाही.

आता पिकाच्या आतल्या घडामोडींकडे वळू, कारण बाटलीचा दावा तिथला आहे. माती कोरडी होऊ लागली की अ‍ॅब्सिसिक आम्ल नावाचं संप्रेरक झाडात वाढतं आणि पानांवरची रंध्रं मिटू लागतात. पाणी वाचतं. पण ज्या रंध्रांतून पाण्याची वाफ बाहेर जाते त्याच रंध्रांतून कार्बन डायऑक्साइड आत येतो. रंध्रं मिटली की अन्न बनणं मंदावतं, फुलं गळतात, दाणा बारीक राहतो. म्हणून 'बाष्पोत्सर्जन रोखून ताण घालवतो' हे वाक्य अर्धवट आहे: बाष्पोत्सर्जन रोखलं की अन्नही रोखलं जातं. दुसरा दावा अधिक सूक्ष्म आहे. प्रोलीनसारखी द्रव्यं पेशीत साठली की पेशी पाणी धरून ठेवते, आणि शेवाळाच्या अर्काने किंवा अमिनो आम्लांनी याला मदत होते. असे प्रयोग आहेत, काही चांगले आहेत, ते मी नाकारत नाही. मात्र त्यांतले बरेचसे कुंड्यांत आणि हरितगृहांत झाले आहेत. कुंडीतल्या मुळाला खाली जायला जागाच नसते. तिथे झाडाला ताण सोसण्यावाचून गत्यंतर नाही, त्यामुळे सोसण्याची ताकद वाढवणारं द्रव्य उठून दिसतं. शेतातलं झाड ताणाला पहिलं उत्तर मूळ खाली नेऊन देतं. जिथे मूळ खाली जाऊ शकतं तिथे फवारणीचा फरक लहान होतो, आणि जिथे ते जाऊ शकत नाही तिथे जमिनीतलं पाणी आठवड्यात संपून फवारणीला काम करायला काही उरत नाही. उपयोगाची जागा या दोहोंमधली आहे. ती अरुंद आहे, आणि तिथे एखादं उत्पादन कामाला येईलही.

खंडाच्या काळात पोटॅशियम नायट्रेटची, म्हणजे १३:०:४५ ची, एक टक्का फवारणी करण्याचा सल्ला आपली कृषी विद्यापीठं वर्षानुवर्षं देत आली आहेत. तो सल्ला मला मान्य आहे. ते ठाऊक असलेलं खत आहे, त्यात काय आहे हे गोणीवर छापलेलं असतं, आणि ते तात्पुरतं आहे हे सांगणाराही जाणून असतो. माझा वाद तात्पुरत्या उपायाला कायमचं धोरण बनवण्याशी आहे.

'पण आता कायदा आला आहे, खोटं उत्पादन टिकणार नाही,' असंही सांगितलं जातं. कायदा आला हे खरं. फेब्रुवारी २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशात जैव-उत्तेजकांचा समावेश झाला. शेवाळ आणि वनस्पतींचे अर्क, प्रथिनांचे विघटित घटक, ह्युमिक आणि फुल्विक आम्लं, बाष्परोधकं अशा वर्गवाऱ्या ठरल्या. त्यानंतर चार वर्षं तात्पुरत्या परवान्यांवर बाजार चालला. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी स्वतः सांगितलं की, आधी सुमारे ३० हजार उत्पादनं कोणत्याही तपासणीविना विकली जात होती, पुढे ती ८ हजारांवर आली आणि तपासणी कडक केल्यावर साधारण ६५० उरली. या आकड्यांचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. ज्या उत्पादनांच्या जोरावर 'हाच व्यवहार्य मार्ग' असं सांगितलं जात होतं, त्यांतली बहुसंख्य तपासणीपुढे उभीसुद्धा राहिली नाहीत. दरम्यान त्यांचे पैसे दिले गेले होते. अनेक ठिकाणी ते शेतकऱ्याने मनानेही दिले नव्हते. युरिया किंवा डीएपी हवं तर ही बाटली घ्यावी लागेल, या लिंकिंगने ती त्याच्या पिशवीत आली. त्याच जुलैमध्ये या सक्तीविरुद्ध केंद्राला राज्यांना पत्र लिहावं लागलं.

उरलेली ६५० खरी असतील असं धरू. तरीही खंडातल्या ताणाची परीक्षा साध्या चाचणीत होत नाही. एका हंगामात, मोजक्या ठिकाणी घेतलेल्या चाचणीत पाऊस वेळेवर पडत राहिला तर ताणाविषयी काहीच सिद्ध होत नाही. पंचवीस दिवसांचा खंड सांगून येत नाही. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींतला देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, आणि त्या ऑक्टोबरअखेर महाराष्ट्र सरकारला ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला. खरी परीक्षा त्या वर्षाची होती.

आता या युक्तिवादाच्या मुळाशी असलेलं वाक्य घेऊ: माती सुधारायला दहा वर्षं लागतात.

ते अंशतः खरं आहे, आणि मातीच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही इथे फार अतिशयोक्ती केली आहे. 'एक टक्का कर्ब वाढवा, एकरी लाखभर लिटर पाणी साठेल' अशी वाक्यं भाषणांत फिरतात. ती चुकीची आहेत. मिनास्नी आणि मॅकब्रॅटनी या मृदाशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये जगभरची आकडेवारी एकत्र करून दाखवलं की सेंद्रिय कर्ब एक टक्क्याने वाढला तर दर १०० मिलिमीटर मातीमागे पिकाला मिळणारं पाणी सरासरी १ मिलिमीटरहून थोडंसंच जास्त वाढतं. वाळूमिश्रित जमिनीत जास्त, चिकण जमिनीत त्याहून कमी. आपल्या कोरडवाहू जमिनींत कर्ब बहुतेक ठिकाणी अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा खाली आहे. तो दीड टक्क्यावर नेणं उष्ण हवामानात एका पिढीचं काम आहे, आणि ते करून दोन फूट खोलीत ६-७ मिलिमीटर पाणी वाढेल. म्हणजे दीड दिवसाचं. केवळ एवढ्यावर मातीची बाजू उभी असती तर ती लंगडी ठरली असती.

ती उभी आहे दुसऱ्या गोष्टीवर. पडलेल्या पावसातलं किती पाणी जमिनीत शिरतं, मूळ किती खोल जातं, आणि शिरलेलं पाणी पिकाआधी उन्हाला किती जातं, या तिन्ही गोष्टींत माणूस त्याच हंगामात बदल घडवू शकतो.

उघड्या, रोटाव्हेटरने पिठासारख्या केलेल्या जमिनीवर जोराचा पाऊस पडला की थेंबांच्या माराने वरचे कण सुटतात, भेगा-छिद्रं बुजतात, वर पापुद्रा धरतो आणि पाणी माती घेऊन ओढ्याला लागतं. ४० मिलिमीटरच्या सरीतले २० वाहून गेले तर ते चार-पाच दिवसांचं पाणी गेलं, एका दुपारी. त्याच जमिनीवर मागच्या पिकाचा पालापाचोळा पसरलेला असेल, कण एकमेकांना धरून असतील, गांडुळांची बिळं आणि कुजलेल्या मुळांच्या वाटा शाबूत असतील, तर तेच पाणी खाली उतरतं. कर्बाचं मोठं काम इथे आहे: थोड्याशा सेंद्रिय पदार्थानेही मातीचे कण धरून राहतात आणि पाण्याची वाट उघडी राहते. दरवर्षी त्याच खोलीवर फिरणाऱ्या रोटाव्हेटरने खाली जो तवा बसतो, तो मुळाची खोली थेट कापतो. दोन फुटांची जमीन पिकाच्या लेखी सहा इंचांची होते. अशा शेतात फुलोऱ्यात एक झाड खोदून पाहा. सोटमूळ तव्यावर पोचून आडवं वळलेलं दिसतं.

रुंद वरंबा-सरी, म्हणजे शेतकऱ्याच्या तोंडातली बीबीएफ, इक्रिसॅट या संशोधन संस्थेने काळ्या जमिनींसाठी सत्तरच्या दशकात विकसित केली आणि परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने सोयाबीनसाठी ती गावोगाव नेली. अतिवृष्टीत जादा पाणी सरीतून निघून जातं, पीक चिबडत नाही; पाऊस ओढ देतो तेव्हा सरीत थांबून मुरलेलं पाणी वरंब्याला मिळतं. हा बदल पेरणीच्या दिवशी होतो, दहा वर्षं थांबावं लागत नाही. आच्छादनही असंच. आणि कोळपणी? 'एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी' हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आले. काळ्या जमिनीला भेगा पडू लागल्या की त्यांतून खोलवरची ओल उडून जाते. कोळपं फिरलं की भेगा बुजतात, वर भुसभुशीत थर तयार होतो, तण जातं. तणनाशक आल्यावर आपण कोळपणी सोडली. तणाचं काम झालं, भेगा मात्र उघड्या राहिल्या.

हे ज्ञान नवीन नाही, आणि परकंही नाही. सोलापूरला १९३३ च्या सुमारास कोरडवाहू शेतीचं संशोधन सुरू झालं. एन. व्ही. कानिटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथून जी 'मुंबई कोरडवाहू पद्धत' पुढे आणली तिच्यात बांधबंदिस्ती, शेणखत, ओळींत जास्त अंतर, कमी बियाणं, वारंवार आंतरमशागत आणि तीन वर्षांतून एकदा खोल नांगरणी होती. तीन वर्षांतून एकदा. आज दरवर्षी नांगर आणि त्यावर दोन वेळा रोटाव्हेटर मारून वर 'माती दमली' म्हणून बाटली विकली जाते.

'शेणखतच नाही' हा आक्षेप मात्र गंभीर आहे. अकोल्यात १९८८ पासून ज्वारी-गहू या पिकांवर चाललेला दीर्घकालीन खत प्रयोग सांगतो की शिफारशीच्या खतांना शेणखताची जोड दिलेले वाफे सातत्याने पुढे राहिले आणि नुसत्या नत्रावर ठेवलेले मागे पडत गेले. शेणखताला पर्याय आहे असा दावा मी करणार नाही. पण शेतातून बाहेर जाणारा आणि जळणारा माल आधी मोजू. उसाचं पाचट हेक्टरी साधारण ८ ते १० टन निघतं. ते पेटवलं जातं. सोयाबीनच्या मळणीचा भुसा बांधावर ढीग करून जाळला जातो किंवा विकला जातो, पऱ्हाटी उपटून पेटवली जाते. आणि मुळं? मुळांतला कार्बन वरून टाकलेल्या काडीकचऱ्यापेक्षा मातीत जास्त टिकतो, आणि तो आणण्यासाठी ट्रॉलीचं भाडं लागत नाही. फक्त उपटायचा आणि उलथायचा हट्ट सोडावा लागतो. चंद्रशेखर भडसावळे यांनी नेरळला भातासाठी रुजवलेली सगुणा पद्धत याच पायावर उभी आहे: गादीवाफे एकदाच करायचे, चिखलणी आणि लावणी नाही, कापणीनंतर मुळं जागच्या जागी कुजू द्यायची. ही पद्धत तणनाशकावर विसंबून आहे, हा आक्षेप मी झटकून टाकत नाही. तो सुटायला हवा. पण गुरं नसलेल्या माणसाच्या शेतातही मातीला खायला घालता येतं, एवढं तिने दाखवून दिलं आहे.

क्षाराच्या ताणावरही बाटल्या विकल्या जातात, त्याबद्दल थोडक्यात. चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो, कण सुटे होऊन छिद्रं बुजतात, पाणी खाली जात नाही. तो सोडियम हटवायला कॅल्शियम हवं, म्हणजे जिप्सम, आणि हटवलेला सोडियम धुऊन न्यायला निचरा हवा. शिरोळ तालुक्यात नदीकाठच्या अति पाण्याने क्षारपड झालेल्या उसाच्या जमिनी भूमिगत सच्छिद्र पाइप टाकून पुन्हा पिकाखाली आणल्या गेल्या. ते काम शेजारीपाजारी सगळे एकत्र आल्याशिवाय होत नाही, कारण पाण्याला बांध कळत नाही. पानावर फवारलेला अर्क यातलं काहीच करत नाही. उलट दोन-तीन हंगाम आशेवर काढायला लावतो आणि तेवढ्यात चोपण आणखी पसरतं.

बटईचं मात्र उत्तर सोपं नाही. कागदावर नसलेल्या, वर्षाच्या बोलीवर चाललेल्या वाट्यात कोणी दुसऱ्याच्या जमिनीत पाच वर्षांची गुंतवणूक का करावी? ही अडचण शेतकऱ्याच्या आळसात नाही, करार लिहायला घाबरणाऱ्या मालकात आणि आपल्या कूळकायद्याच्या धास्तीत आहे. तिथे मी एवढंच म्हणेन की बीबीएफ, आच्छादन आणि कोळपणी यांचा परतावा त्याच हंगामात मिळतो, बटईदारालाही.

सरकारी बाजूकडे पाहिलं की राग येतो. मृदा आरोग्यपत्रिकेची योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झाली. तिच्यावर बारा नोंदी असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन. पाणी तासाला किती मुरतं, तवा कुठे आहे, मूळ किती खोल जाऊ शकतं, यातली एकही नोंद त्यात नाही. म्हणजे खंडात पीक जगेल की नाही हे जे ठरवतं, तेच पत्रिकेत नाही. ज्या राज्यात ही पत्रिका वाटली जाते त्याच राज्यात रोटाव्हेटरला यांत्रिकीकरणाचं अनुदान मिळतं. आणि सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात शेतंच्या शेतं खरडून गेल्यावर हेक्टरी ४७ हजारांची मदत जाहीर करावी लागली. वाहून गेलेला तो थर शेकडो वर्षांत तयार झालेला असतो. तो जागेवर राखण्यासाठी आधी खर्च केला असता, तर त्याच पैशात बरंच काही वाचलं असतं.

माझी मागणी साधी आहे आणि ती विद्यापीठांना, कृषी विभागाला आणि कंपन्यांना एकाच वेळी आहे. ज्या उत्पादनाच्या लेबलवर 'ताण' हा शब्द येईल त्याची चाचणी हलक्या, मध्यम आणि भारी अशा तीन जमिनींत, कोरडवाहू, किमान तीन खरीप व्हावी. शेजारच्या वाफ्यात ते उत्पादन न वापरता फक्त बीबीएफ आणि आच्छादन असावं; दुसऱ्या शेजारी नुसतं पाणी फवारलेलं असावं. प्रत्येक वाफ्यात फुलोऱ्यात खड्डा खणून मुळाची खोली मोजावी आणि एकरी खर्चासकट उत्पन्न मराठीत छापून तालुका कृषी अधिकाऱ्याच्या फलकावर लावावं. ज्यांचा आपल्या उत्पादनावर विश्वास आहे त्यांनी ही चाचणी स्वतःहून मागायला हवी. तोवर मृदा आरोग्यपत्रिकेवर तेरावी नोंद सुरू करता येईल: शेतात पाइपचा एक तुकडा ठोकून, त्यात पाणी ओतून, ते मुरायला लागलेली मिनिटं. त्याला प्रयोगशाळा लागत नाही.